द्वितीय पुरुष

वाचन सुरू होण्याआधी कुणीतरी कूलर बंद केला, म्हणूनच ते वाक्य पुष्पलताला इतकं स्वच्छ ऐकू आलं. एरवी वाचनालयातला तो मोठा लोखंडी कूलर सुरू असला की शेजारच्या माणसाचं अर्धं बोलणं त्याच्या घरघरीत जायचं. पण अभिजीतचा आवाज बारीक, त्यात तो शब्दांचे शेवट गिळणारा. म्हणून त्याच्या वाचनापुरता कूलर बंद झाला आणि बाहेरची वैशाखातली कोंडलेली संध्याकाळ एकदम आत येऊन बसली. वाळ्याचा ओला वास हळूहळू सुकत गेला. पुष्पलता शब्दकोशांच्या कपाटाला पाठ लावून उभी होती. समोर खुर्च्यांवर वरच्या मजल्यावर राहणारे अनुवादक होते, गावातले काही प्राध्यापक होते, नेहमी येणारे दोन-तीन पेन्शनर होते. अभिजीत वाचत होता ते एका पोर्तुगीज कादंबरीतलं प्रकरण होतं. समुद्रातलं एक बेट, तिथली एक म्हातारी. तिचा मुलगा मासेमारीच्या होडीवर गेला तो परत आलाच नाही, त्याचं प्रेतही लाटांनी आणून टाकलं नाही. म्हातारी शेजारणीशी बोलत बसलेली असते. अभिजीतने पान उलटलं, घोटभर पाणी प्यायला आणि वाचलं, "मेला असता तं आंघोळ तरी केली असती." पुष्पलताच्या पाठीमागे कपाटाची काच वाजली. आपणच हललो हे तिला थोड्या वेळाने कळलं.

ते वाक्य तिच्या सासूचं होतं. प्रेमिलाबाईंचं. नागपूरच्या जरीपटक्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून बसलेल्या प्रेमिलाबाईंच्या तोंडून ते पुष्पलताने एकदाच ऐकलं होतं, आणि तेव्हापासून ते तिच्या अंगात कुठेतरी काट्यासारखं राहिलं होतं, म्हणजे रोज टोचायचं नाही, पण विशिष्ट बाजूला वळलं की जाणवायचं. अश्विन, पुष्पलताचा नवरा, बुटीबोरीच्या कापड कारखान्यात होता. एका सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसला, कारखान्यात पोचला, पाळी संपवून बाहेर पडला आणि घरी आला नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही. पोलिसांत तक्रार झाली, रेल्वे स्टेशनवर फोटो चिकटवले गेले, वर्धा रोडवर कुठे अपघात झाला की पुष्पलता आणि तिचा चुलत दीर मेडिकल कॉलेजच्या शवागारात जाऊन येत. मग दीर येईनासा झाला. मग तीही जाईनाशी झाली. ऑफिसात कुणी विचारलं तर ती म्हणायची, मिस्टर बाहेरगावी असतात. 'असतात' हा शब्द तिने विचार करून निवडला नव्हता, तो आपोआप आला आणि इतका चांगला बसला की तिने तो बदलला नाही.

अभिजीतला तिने खरं सांगितलं होतं. का, ते तिला आता, त्या उकाड्यात उभं असताना, आठवेना. काटोल रोडवरची ही इमारत आधी मुलींचं खाजगी वसतिगृह होती. एका ट्रस्टने ती घेतली, वर राहायच्या खोल्या ठेवल्या, खाली वाचनालय केलं, आणि वेगवेगळ्या गावांहून अनुवादक येऊन महिना-दोन महिने राहून काम करू लागले. पुष्पलता पहिल्या दिवसापासून इथली ग्रंथपाल. येणारे-जाणारे तिने पुष्कळ पाहिले. दुपारी तिघं-चौघं खाली येत, कोश मागत, एखाद्या शब्दावर तास घालवत, आणि त्या तासात त्यांच्या चेहऱ्यावर अशी एक शांत काळजी असे, जशी आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते. तिला ते आवडायचं. तिच्या घरात कुणी शब्दाची इतकी काळजी केलेली नव्हती. अभिजीत सावंतवाडीचा, पणजीत पोर्तुगीज शिकलेला, चाळिशीचा, कॉलेजातून रजा घेऊन आलेला. एका दुपारी तो म्हणाला होता, "मॅडम, हे एक वाक्य होत नाहीये. मूळ पोर्तुगीजमध्ये बाई म्हणते, त्याचं प्रेत आलं असतं तर मी काळे कपडे तरी घातले असते. मराठीत ते मेलेलं वाटतं. आपल्याकडे काळ्या कपड्यांचं काही नाही ना." तिने त्याला म्हणींचे कोश काढून दिले, ओव्यांची पुस्तकं काढून दिली. त्याने ती चाळली आणि बाजूला ठेवली. तेव्हा ती म्हणाली, "माझ्या सासूबाई एकदा असं म्हणाल्या होत्या." आणि मग सगळंच सांगितलं. तो पेन खाली ठेवून ऐकत राहिला. कुणीतरी पेन खाली ठेवून आपलं ऐकतंय, हे तिच्या बाबतीत इतक्या वर्षांत झालंच नव्हतं. बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं होतं आणि त्या हलकेपणाची घरी जाताना लाज वाटली होती. हे मी वापरू का, असं त्याने विचारलं होतं का? बहुतेक विचारलं होतं. ती बहुतेक हो म्हणाली होती.

वाचन संपलं. टाळ्या झाल्या. कूलर सुरू करायला कुणी उठलं नाही, कारण चर्चा व्हायची होती. ऋतुजा नावाची एक तरुण मुलगी, बंगालीतून कवितांचा अनुवाद करत होती वरच्या खोलीत बसून, तिने हात वर केला. "मला ते आंघोळीचं वाक्य खटकलं," ती म्हणाली. "बेटावरची कॅथलिक बाई आहे ती. ती सुतकाची आंघोळ का करेल? आणि बाकी सगळं प्रमाण मराठीत बोलते आणि तिथेच एकदम 'तं'? ते मला थोडं कृत्रिम वाटलं. सुचलंय म्हणून घातल्यासारखं." एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले की वाक्य चांगलं आहे, पण असं खरोखर कुणी बोलत नाही; दुःखातला माणूस इतकं रचून बोलत नाही. दुसरे कुणीतरी म्हणाले, काळे कपडेच ठेवा, वाचकाला समजतं. पुष्पलता ऐकत होती. तिच्या पाठीला घाम सुटला होता आणि ब्लाउज कपाटाच्या काचेला चिकटला होता. तिला वाटलं, हे लोक आपल्या घरात शिरलेत, सासूच्या अंगावरचं लुगडं चिमटीत धरून पाहताहेत, सूत खरं की पॉलिस्टर. प्रेमिलाबाईंचं सासर तांडापेठेतलं विणकरांचं; त्या स्वतः कधीकाळी लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून असंच सांगत. अभिजीतने एकदाच पुष्पलताकडे पाहिलं आणि नजर लगेच कागदावर नेली. "बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "मी त्यावर पुन्हा विचार करतो." म्हणजे तो ते वाक्य काढणार. आणि तेव्हा तिला जे वाटलं त्याने तीच चकित झाली. त्याने ते घेतलं याचा तिला राग होता, पण तो ते टाकून देईल याचा राग त्याहून मोठा होता.

गाडीवरून घरी जाताना रस्त्यात कुठेही तिने काही पाहिलं नाही. सिग्नल आले असतील, ती थांबली असेल. जरीपटक्याच्या बाजारात नेहमीसारखी गर्दी होती, कापडाच्या दुकानांतून दिवे लागले होते, आणि तिच्या जिन्याखालच्या दुकानदाराने तिला पाहून मान हलवली तेव्हा तिला कळलं की आपण घरी पोचलो. प्रेमिलाबाई बाल्कनीच्या दारात बसून दिवसभर वाळवलेल्या मुगवड्या सुपात गोळा करत होत्या. संध्याकाळी आल्यावर सून काहीतरी सांगते, कुठल्या तरी पुस्तकातली गोष्ट, हे त्यांच्या दिवसाचं ठरलेलं सुख होतं. बंगालातल्या, केरळातल्या, कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका अशा त्यांच्या ओळखीच्या झाल्या होत्या. त्या त्यांच्याबद्दल मोहल्ल्यातल्या बायकांसारखं बोलत.

"आज काय वाचलं वं तुमच्यात?" त्यांनी विचारलं.

"एका बाईची कथा होती, आई," पुष्पलता म्हणाली. घरात आली की तिची भाषा चपलांबरोबर दारातच बदलायची. "बेटावर राहते. तिचा लेक समुद्रात गेला अन् वापसच आला नाही."

"मंग?"

"मंग काही नाही. थे वाट पाहून राहिली."

प्रेमिलाबाईंनी सुपातली एक वडी उचलून दाताखाली धरून पाहिली. अजून वाळायची होती. पुष्पलता हातपाय धुवायला उठली, न्हाणीपर्यंत गेली आणि परत आली. लपवायचं ठरवलं असतं तर लपवता आलं असतं. पण ज्या वाक्याला पंचवीस अनोळखी माणसांनी हात लावला ते ज्याचं त्याला ठाऊकही नसावं, हे तिला सहन होईना. ती सासूच्या समोर जमिनीवर बसली. "थे बाई म्हणते," ती म्हणाली, "मेला असता तं आंघोळ तरी केली असती."

प्रेमिलाबाईंचा हात सुपात थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर राग येतो की रडू, याची पुष्पलता वाट पाहत होती आणि दोन्हीही आलं नाही.

"हे तं माहं बोलणं होय," त्या म्हणाल्या.

"हो. मीच सांगतलं तिथं एका सरांले. त्याहिले शब्द भेटून नव्हता राहिला. चुकलं माहं."

"त्या बाईले माहीत होतं का, पोरगं जित्तं हाये का मेलं?"

"नाही ना. कोणालेच माहीत नव्हतं."

"मंग थे असं काहून म्हणंन?" प्रेमिलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी आहे हे सांगताना असतो तसा. "थे तं दिवा लावंन. नवस बोलंन. ज्या मायले माहीत नाही, थे आंघोळीचं नाव नाही काढत बाई. तोंडात नाही येत तिच्या."

खालच्या दुकानाचं शटर कुणीतरी अर्धं ओढलं, त्याचा आवाज झाला. पुष्पलताला आधी नुसतं असं वाटलं की सासू त्या प्राध्यापकांसारखीच बोलते आहे, वाक्य खोटं ठरवते आहे. मग त्याच्या खालचा अर्थ तिच्यापर्यंत पोचायला लागला, सावकाश, जिन्यावरून कुणी जड पायाने वर यावं तसा. प्रेमिलाबाईच म्हणाल्या, "मी म्हणलं, काहून का मले माहीत होतं."

त्या सुपाकडे पाहूनच सांगत गेल्या. तो गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला होता. सुरतेत हाये म्हणे. कापडाच्या मागावर. एक बाई हाये, पोरगी झाली. माय म्हणून सांगून राहिलो म्हणे, पुष्पाले सांगू नको, शोधू नका मले. "मी त्याले काही नाही पुसलं. कोन बाई, कोन जात, काही नाही. मी म्हणलं, मेला असता तं आंघोळ तरी केली असती. तेवढंच म्हणलं अन् फोन बंद केला. त्यानंतर त्याचा आला नाही." त्यांनी सुपातली एक वडी पालटली. "अन् मी वर पाह्यलं तं तू दारात उभी. हातात भाजीची थैली."

पुष्पलताला ती संध्याकाळ आठवत होती. गेली कित्येक वर्षं ती तिला रोज आठवत होती, पण तिच्यातल्या फोनकडे तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. आता तिला तो दिसला. पदराखाली, उजव्या मांडीजवळ, त्या काळ्या छोट्या फोनचा हिरवा उजेड लुगड्याच्या पातळ सुतातून आलेला. तिला तेव्हा वाटलं होतं, कुहीला राहणाऱ्या आपल्या भाच्याशी त्यांचं बोलणं झालं असेल. तिने वाक्य ऐकलं, थैली खाली ठेवली आणि सासूच्या मांडीवर डोकं टेकून रडली. लग्नानंतर पहिल्यांदा त्या दोघी एकमेकींना तशा भेटल्या होत्या. त्याआधी प्रेमिलाबाई तिच्या मूल न होण्यावरून शेजारणींजवळ काय काय बोलत, आणि तीही त्यांना हाक मारायची वेळ शक्यतो टाळायची. त्या संध्याकाळनंतर ते सगळं संपलं होतं. त्या एका वाक्यावर हे घर इतकी वर्षं उभं होतं. 'मेला असता.' कोण मेला असता? तो, असं तिने ऐकलं. आणि प्रेमिलाबाई फोनवर त्याला म्हणत होत्या, तू. नागपुरी बोलीत दोन्हीला एकच रूप. तिथे कर्ता बोलून दाखवावा लागत नाही, आणि नाही दाखवला तर समोरचा ज्याला जसा हवा तसा भरून घेतो. अक्षय तृतीयेला सासू दरवर्षी पितरांचं पान वाढायची, सासऱ्याचं नाव घ्यायची आणि अश्विनचं नाव घ्यायची नाही. ती आशा आहे असं पुष्पलता समजत आली होती. त्या न घेतलेल्या नावाबद्दल तिला सासूचा आदर वाटत आला होता.

"काहून नाही सांगतलं मले?" तिने विचारलं. तिचा आवाज तिला बाहेरून ऐकू आला.

"सांगतलं असतं तं मी कोन झाली असती या घरात?" प्रेमिलाबाई म्हणाल्या. "तो हरपला होता तेव्हा तूही रडे, मीही रडो. तो पळाला म्हणलं असतं तं मी त्याची माय."

पुष्पलता उठली आणि स्वयंपाकाला लागली. कणीक भिजवली, पोळ्या केल्या, दोघींची ताटं वाढली. रोज दोघी समोरासमोर बसत, त्या दिवशीही बसल्या. तिला घास गिळता येत होता याचंच तिला आश्चर्य वाटलं. मनात काय होतं ते तिला नीट दिसत नव्हतं. राग शोधायला गेली तर तो सापडेना, त्याच्या जागी एक फार बारीक, हिशेबी वाटावी अशी गोष्ट चाललेली होती. ती मागे जाऊन एकेक वर्ष पुन्हा पाहत होती, त्यातला 'तो बेपत्ता आहे' काढून तिथे 'तो सुरतेला आहे' ठेवत होती, आणि प्रत्येक दिवसाचा चेहरा बदलत होता. मंगळसूत्र घालून ऑफिसला गेलेले दिवस. शवागारात चादर वर होताना श्वास धरून उभं राहिलेले दिवस; त्यांतले शेवटचे काही तर त्या फोननंतरचे होते आणि प्रेमिलाबाईंनी तिला जाऊ दिलं होतं. परत आल्यावर पाणी दिलं होतं, "नाही ना होय?" असं विचारलं होतं. आणि त्याला मुलगी होती. ती आता शाळेत जात असेल. गुजराती बोलत असेल. या शेवटच्या विचारावर पुष्पलता अडली, कारण तिला त्या मुलीबद्दल वाईट काही वाटेना, नुसतं कुतूहल वाटलं, ती बापाला काय म्हणून हाक मारत असेल याचं, आणि त्या कुतूहलानेच तिने हातातला घास ताटात परत ठेवला.

रविवार दोघींनी न बोलता काढला. म्हणजे बोलल्या, नळ आला, दूध उतू चाललं, इतकं बोलल्या. दुपारी प्रेमिलाबाईंनी लोखंडी पेटीतून लुगडी काढली आणि एका बोचक्यात बांधायला घेतली. "भाच्याकडं जाऊन राहते कुहीले," त्या म्हणाल्या. "त्यानं मांगंही म्हणलं होतं, मावशी ये." पुष्पलता दारात उभी राहून पाहत होती. जाऊ नका, हे दोन शब्द होते. ते तोंडात आले असते तर तिने म्हटले असते. इतकी वर्षं ज्या बाईच्या औषधाच्या वेळा तिला स्वतःच्या जेवणापेक्षा पाठ होत्या, ती बाई पाठमोरी बसून गाठ मारत होती, आणि पुष्पलता तिच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांकडे पाहत स्वतःला विचारत होती की ही इथे राहावी असं मला वाटतं का. उत्तर येत नव्हतं. जावी असं वाटतं का, त्याचंही येत नव्हतं.

सोमवारी ती कामावर गेली. जाणं सोपं होतं. कूलर सुरू होता, पुस्तकं जागच्या जागी होती. अकराच्या सुमारास अभिजीत खाली आला आणि तिच्या टेबलासमोर उभा राहिला. त्याचे डोळे तारवटलेले होते. "मॅडम, शनिवारी मी फार वाईट केलं," तो म्हणाला. "तुम्हाला वाचनाआधी सांगायला हवं होतं. आणि ते लोक बोलायला लागले तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी ते वाक्य काढलंय. काळे कपडे परत घातलेत."

"बसा ना," पुष्पलता म्हणाली.

तो बसला. तिने कुणालाही काही सांगायचं नाही असं ठरवून घर सोडलं होतं. पण तो पुन्हा तसाच बसला होता, हात मोकळे, पुढे थोडा वाकून, आणि ऐकलं जाण्याची ती सवय एकदाच लागली होती तरी तिला पुरली होती. "त्या वाक्यात एक चूक होती," ती म्हणाली. "माझी. सासूबाई ते मला म्हणत नव्हत्या. त्याच्याबद्दल म्हणत नव्हत्या. त्या त्यालाच म्हणत होत्या. फोनवर. तो आहे. सुरतेला आहे."

अभिजीतच्या चेहऱ्यावर खरं दुःख आलं. तिने ते पाहिलं आणि तिला त्याबद्दल शंका नव्हती. पण त्या दुःखाच्या मागोमाग, जवळजवळ त्याच्याच आत, दुसरं काहीतरी उजळलं. तिने दुपारच्या दुपारी शब्द शोधणाऱ्या त्या चेहऱ्यांसमोर काढल्या होत्या. तिला ते लगेच ओळखू आलं.

"म्हणजे 'असतास'?" तो म्हणाला, अगदी हळू, आणि म्हणताक्षणी त्याला कळलं. तो लाल झाला. "सॉरी. मॅडम, खरंच सॉरी. मला तसं..."

"आमच्याकडे 'स' लागत नाही," पुष्पलता म्हणाली.

तिला त्याचा राग आला नाही. तो तसाच होता, जसा डॉक्टर मेजवानीतही समोरच्याच्या नखांचा रंग पाहतो. तिने फक्त समोरचा कोश मिटला आणि त्याच्या जागी ठेवायला उठली, आणि कपाटापाशी गेल्यावर तिला जाणवलं की तिला या खोलीत आता पूर्वीसारखं शांत वाटणार नाही. ही माणसं वाईट नव्हती. त्यांना एक भूक होती आणि ती भूक कशावर पोसते हे तिला आत्तापर्यंत दिसलं नव्हतं. "तुम्ही काय ठेवायचं ते ठेवा," तिने पाठमोरीच सांगितलं. "तुमच्या बाईला माहीत नाही ना, मुलगा जिवंत आहे की नाही? मग ती असं म्हणणार नाही. काळे कपडेच बरोबर आहेत. त्यात सासूबाईंचं एकमत झालं तुमच्या त्या ऋतुजाशी." जिना चढताना अभिजीतची पावलं तिने ऐकली. मध्ये तो थांबला, परत यावं की नाही असा, आणि मग वर गेला. त्या दिवशी दुपारी ऋतुजाने तिच्याकडे बंगाली म्हणींचं एक पुस्तक मागितलं. पुष्पलताने ते काढून दिलं. "शनिवारी तुम्हाला बरं नव्हतं का?" ऋतुजाने विचारलं. "गरमी होती फार," पुष्पलता म्हणाली.

मंगळवारी सकाळी तिने रजा टाकली आणि सासूला घेऊन रिक्षाने गणेशपेठेच्या स्टँडवर आली. उन्हं नऊलाच चढली होती. प्रेमिलाबाईंनी निघताना घरात कुठे वळून पाहिलं नव्हतं, फक्त वड्यांचं सूप उन्हातून आत सरकवून ठेवलं होतं. रिक्षात बोचकं दोघींच्या मध्ये होतं. स्टँडवर उसाच्या रसाच्या घुंगरांचा आवाज, डिझेलचा वास, कुठल्या कुठल्या गावांची नावं ओरडणारी माणसं. कुहीची गाडी लागलेलीच होती. पुष्पलताने बोचकं वर चढवलं, सासूला खिडकीजवळची जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली, गोळ्यांची पिशवी दिली. कुठली गोळी केव्हा ते पुन्हा सांगितलं. प्रेमिलाबाई हो म्हणाल्या. मग पुष्पलता उतरली आणि खिडकीखाली उभी राहिली, कारण गाडी सुटेपर्यंत तिथे उभं राहायचं असतं. खिडकीच्या दांड्यावर सासूचा हात होता, त्यावर निळ्या शिरा, करंगळीजवळ सुताने कापल्याची जुनी पांढरी खूण. या हाताकडे बघून कोणती गोष्ट खरी धरायची, तिला कळत नव्हतं. हा हात तिच्या डोक्यावर त्या संध्याकाळी फिरला होता. त्याच हाताने तेव्हा नुकताच फोन बंद केला होता. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एकाच हातात होतं.

कंडक्टर बाई तिकिटं देत पुढून येत होती, तरुण होती, कानात छोटे खडे. बोचकं पाहून ती थांबली. "एवढं सामान?" ती हसून म्हणाली. "कायमच्या चालल्या का आजी?"

प्रेमिलाबाईंनी सवलतीचं कार्ड काढायला पिशवीत हात घातला आणि तो पिशवीतच राहिला. कंडक्टरने खिडकीतून खाली पुष्पलताकडे पाहिलं. "तुमी कोन आजीच्या?"

"सून," पुष्पलता म्हणाली. हा शब्द तिने आयुष्यात किती वेळा सहज म्हटला असेल. आता म्हणताना तिला जाणवलं की तो दोन बायकांना जोडणारा शब्द नाही, त्याच्या मधोमध एका पुरुषाची जागा आहे, आणि ती जागा रिकामी आहे म्हणून तो शब्द नुसता दोन टोकांना लोंबतोय. तरी तो खोटा वाटला नाही. दुसरा शब्द तर नव्हताच. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, खिडक्या थरथरल्या. कंडक्टर अजून तिच्याचकडे पाहत होती, उत्तर हवं म्हणून नाही, तिकीट फाडता फाडता सहज.

"कायमच्या नाही," पुष्पलता म्हणाली. इंजिनच्या आवाजावर जायला तिला आवाज चढवावा लागला. "पोळ्याच्या आधी येईन मी घ्यायले."

हे वाक्य तिने ठरवलं नव्हतं. खरं होतं की नाही तेही तिला माहीत नव्हतं; पोळ्याला अजून सगळा पावसाळा मध्ये होता, आणि तोपर्यंत आपल्याला काय वाटत असेल हे ती सांगू शकत नव्हती. प्रेमिलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत राहिल्या, मग कार्ड काढून कंडक्टरच्या हातात दिलं आणि तिचा हात कार्डासकट धरून ठेवला.

"ऐकलं ना बाई तू?" त्या कंडक्टरला म्हणाल्या. "पोळ्याच्या आधी म्हणून राहिली."

"ऐकलं आजी," ती म्हणाली, आणि हात सोडवून घेत पुढच्या सीटकडे गेली. गाडी मागे सरली, वळली, फाटकाशी अडकली, आणि उमरेड रोडच्या बाजूला निघून गेली. पुष्पलता फलाटावर उभी राहिली. उन्हात डोळे मिटत होते. मागून कुणीतरी तिला बाजूला व्हायला सांगितलं. दुसरी गाडी लागत होती. ती बाजूला झाली.